गायकाच्या पायातला ढोल : 'साय नो मोअर' या पहिल्या अल्बमचं प्रकरण

आपल्याकडे 'बँजो' म्हटलं की गणपतीची मिरवणूक डोळ्यांपुढे येते. टेम्पोवर रचलेले स्पीकर, बाजूला ढोल-ताशा, आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबत अख्ख्या गल्लीला नाचवणारा बँजो मास्टर. ते वाद्य म्हणजे बुलबुल तरंगाचं विजेवर चालणारं रूप. त्याचं मूळ जपानच्या ताईशोगोतो या वाद्यात आहे. मला इथे ज्या बँजोबद्दल लिहायचंय तो वेगळा. गोल कड्यावर ताणलेलं कातडं, त्यातून निघालेली लांब मान आणि पाच तारा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आपल्या वाद्यांच्या आठवणीतून हे वाद्य अमेरिकेत घडवलं. पुढे ते ॲपलेशियन डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरात गेलं आणि १९४०च्या दशकात ब्लूग्रास नावाचं जे संगीत आकाराला आलं, त्याचा कणा झालं.

आता प्रकरण असं. २००९च्या ऑक्टोबरात लंडनच्या चार तरुणांनी आपला पहिला अल्बम बाजारात आणला. बँडचं नाव 'ममफर्ड अँड सन्स', म्हणजे एखाद्या जुन्या घराण्याच्या पेढीला शोभेल असं. अल्बमचं नाव 'साय नो मोअर'. चौघांपैकी कुणी केंटकीच्या डोंगरात वाढलेलं नव्हतं, कुणाच्या आजोबांनी बँजो वाजवला नव्हता. त्या वेळी रेडिओवर सिंथेसायझर आणि ऑटोट्यून यांचं राज्य होतं. तरीही सोळा महिन्यांनंतर हा अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता, अमेरिकेतही दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि हे चौघे बॉब डिलनच्या मागे उभे राहून ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत-पुरस्कारांच्या मंचावर वाजवत होते.

हे कसं घडलं? नशीब, जाहिरात, 'लोकांना साधेपणाची भूक लागली होती' अशी उत्तरं मी बरीच ऐकली आहेत. आम्ही सहा जण साताऱ्यात एक छोटा गट चालवतो, स्वतःची गाणी रचतो, बिनविजेच्या वाद्यांवर वाजवतो. त्यामुळे हा अल्बम मी श्रोता म्हणून ऐकला त्याहून जास्त, उघडून पाहावा तसा ऐकला आहे. माझं उत्तर सोपं आहे: या बँडच्या मंचावर ड्रमर नव्हता, आणि त्या एका उणिवेभोवती त्यांनी सगळं संगीत रचलं. त्यांचं बळ तिथून आलं आणि त्यांच्यावरची खरी टीकाही तिथूनच निघते.

दुकानाखालची खोली

चेल्सीमधल्या किंग्ज रोडवर पेस्टी विकणारं एक दुकान होतं. पेस्टी म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेली, आपल्या करंजीच्या आकाराची पण तळहाताएवढी. त्या दुकानाच्या तळघरात 'बोसन्स लॉकर' नावाची गाण्याची जागा होती. जागा इवलीशी. चौघांपैकी विन्स्टन मार्शल तिथे रात्रीच्या जॅमचा, म्हणजे जमतील त्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीचा, यजमान असे. येणाऱ्यांमध्ये गायिका लॉरा मार्लिंग होती, 'नोआ अँड द व्हेल' या बँडची मंडळी होती आणि मार्कस ममफर्ड होता. यांच्यातल्या काहींना पुढे ब्रिटिश पत्रकारांनी 'वेस्ट लंडन फोक सीन' असं नाव दिलं. तेव्हा त्यांच्यासाठी ती फक्त एकमेकांच्या गाण्यात हात घालायची जागा होती.

अशा जागेची एक शिस्त असते, ती बाहेरून दिसत नाही. माईक नाही, ड्रम सेट मांडायला जागा नाही, आणि मांडला तर बाकी कुणाचं काही ऐकू येणार नाही. समोरचा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा. गाणं त्याला आवडलं नाही तर तो बोलायला लागतो, आणि त्याचं बोलणं तुमच्या गाण्यापेक्षा मोठं असतं. म्हणून गाणाऱ्याला दोनच वाटा उरतात: एक तर इतकं हळू गायचं की लोकांना गप्प व्हावं लागेल, नाहीतर इतकं एकजुटीनं ओरडायचं की बोलणं बुडून जाईल. 'साय नो मोअर'मधलं जवळजवळ प्रत्येक गाणं या दोन टोकांमध्ये फिरतं. ही रचना कुठल्या स्टुडिओत सुचलेली नाही, ती त्या खोलीनं शिकवलेली आहे असं मला ठामपणे वाटतं.

चौघे कोण होते हेही पाहायला हवं. मार्कस ममफर्ड कॅलिफोर्नियात जन्मला आणि विंबल्डनला वाढला. आईवडील व्हिनयार्ड चर्चच्या ब्रिटनमधल्या शाखेचे नेते. बेन लव्हेट त्याचा शाळेतला मित्र, कीबोर्ड आणि अकॉर्डियन वाजवणारा. २००६ साली लव्हेटनं दोन सहकाऱ्यांबरोबर 'कम्युनियन' नावाची गाण्याची रात्र नॉटिंग हिल आर्ट्स क्लबमध्ये सुरू केली होती, म्हणजे बँडच्याही आधी. टेड ड्वेन उभा डबल बास वाजवायचा. मार्शल बँजो वाजवायचा, आणि या आधीच्या त्याच्या बँडचं नाव 'कॅप्टन किक अँड द काउबॉय रॅम्बलर्स' असं होतं. म्हणजे अमेरिकी डोंगराचं वेड जुनंच. मार्कस एडिनबर्ग विद्यापीठात शिकायला गेला, वर्षभरानं परत आला. येताना त्याच्याजवळ बरीचशी गाणी होती.

एक तपशील सगळ्यात महत्त्वाचा. मार्कस मुळात ड्रम वाजवणारा. लॉरा मार्लिंगच्या दौऱ्यांमध्ये तो तिच्या मागे ड्रमवर बसायचा. २००७च्या शेवटी स्वतःचा बँड झाला तेव्हा ड्रम वाजवता येणारा माणूस गिटार घेऊन पुढे उभा राहिला, आणि ड्रमची जागा रिकामी राहिली.

पाचवी तार

पुढचं नीट कळायला बँजोच्या उजव्या हाताकडे पाहावं लागेल.

बँजोच्या चार तारा मानेच्या टोकापर्यंत जातात. पाचवी जात नाही. तिची खुंटी मानेच्या मध्येच, पाचव्या पडद्याशी बसवलेली असते. म्हणजे ही तार सगळ्यात आखूड आणि सगळ्यात उंच स्वराची, आणि तरीही ती अंगठ्याच्या सगळ्यात जवळ, जिथे गिटारवर सगळ्यात जाड तार असते तिथे. डावा हात तिला क्वचितच शिवतो. ती एकच स्वर देत राहते. सुरावट खाली कुठेही जावो, अंगठा मध्ये मध्ये त्या तारेवर येतो आणि तो एक उंच 'सा' टिपटिपत राहतो. ज्यानं पोवाड्यात किंवा गोंधळात शाहिराच्या मागचं तुणतुणं ऐकलंय त्याला हा आवाज परका वाटणार नाही. काम तेच: सूर धरून ठेवणं आणि धरता धरता लयही देणं. दोन्ही परंपरांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तार आणि कातडं यांच्याशी माणूस झटायला लागला की काही उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सारखीच सापडतात.

कातड्यामुळे आणखी एक गोष्ट होते. स्वर छेडला की टणकन येतो आणि लगेच विरतो. गिटारसारखा तो रेंगाळत नाही. म्हणून बँजोवाल्याला मोकळी जागा ठेवता येत नाही. त्याला सतत नवे स्वर ओतावे लागतात. १९४५च्या डिसेंबरात एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये आला तेव्हा त्यानं हेच काम अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनी, बोटांत नख्या घालून, अखंड धारेसारखं करून दाखवलं. त्याला 'रोल' म्हणतात. आठ स्वरांच्या एका फेरीत बोटं सहसा तीन-तीन-दोन अशा गटांनी पडतात, त्यामुळे वेग सरळ असूनही आतून ओढ लागते. आपल्या ढोलकीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, तो मान डोलावतो.

अस्सल ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. तिथे लय वाटून घेतलेली असते. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. दुसऱ्या आणि चौथ्यावर मँडोलिनवाला तारा दाबून एक कोरडा खटका मारतो. धाप आणि टाळी. त्यावर बँजोची धार. हे संगीत झुलतं, घोड्याच्या दुडक्या चालीसारखं.

ममफर्ड अँड सन्सनी बँजो घेतला, डबल बास घेतला, मँडोलिन घेतलं, एकत्र गळ्यानं गायची रीत घेतली. पण हा झुला घेतला नाही. इथेच या प्रकरणाची कळ आहे.

ड्रमर नसलेला बँड

मंचावर मार्कस गिटार गळ्यात घेऊन उभा असे आणि त्याच्या एका पायाखाली बास ड्रमचं पेडल असे. दुसऱ्या पायाशी टँबुरीन. बऱ्याच गाण्यांत तो पाय प्रत्येक मात्रेवर पडतो: एक, दोन, तीन, चार. ही ब्लूग्रासची चाल नाही. ही नाचाच्या क्लबातल्या संगीताची चाल आहे, किंवा पावलं टाकत जाणाऱ्या मिरवणुकीची. झुलण्याच्या जागी कूच आली.

मग बाकीची कामं आपोआप वाटली गेली. खालचा ठोका पायानं दिला. ड्रम सेटमध्ये झांजेसारखी जी हाय-हॅट बारीक बारीक मात्रा मोजत राहते, ते काम बँजोच्या धारेनं केलं. मधला फटका गिटारच्या जोरकस खरडीनं दिला. म्हणजे ड्रम सेट तीन माणसांत वाटला गेला, आणि त्यातला सगळ्यात मोठा भाग गाणाऱ्याच्या अंगात राहिला.

गाणारा स्वतः ठोका देतो तेव्हा काय होतं हे शाहिराला विचारावं. डफ शाहिराच्याच हातात असतो. त्यामुळे ओळ लांबली की डफ थांबतो, शब्दावर जोर आला की थाप तिथेच पडते, श्वास घ्यायचा असेल तर ताल श्वास घेऊ देतो. मागे तुणतुणं आणि 'जी जी जी' म्हणत झील धरणारे साथीदार. मार्कसच्या पायाचं नातं त्याच्या गळ्याशी असंच आहे. 'लिटल लायन मॅन' ऐकताना लक्ष द्या: कडव्यात शब्द दाटीवाटीनं येतात आणि धृपदाला सगळे एकदम तुटून पडतात. त्या धृपदात एक शिवी आहे. रेडिओवर ती कापावी लागली आणि गाणं तरीही वाजत राहिलं. माणूस स्वतःवर चिडून बोलतो तेव्हा मध्येच पाय आपटतो. गाण्यातला ठोका तसा वाटतो.

स्टुडिओत हे टिकवणं सोपं नसतं. रेकॉर्डिंगला बसलं की पहिला मोह होतो तो चांगला ड्रमर बोलावण्याचा. पश्चिम लंडनच्या ईस्टकोट स्टुडिओत निर्माता म्हणून मार्कस ड्राव्स होता. त्यानं आर्केड फायर आणि कोल्डप्ले या मोठ्या बँडबरोबर काम केलेलं. म्हणजे साध्या सुरावटीला स्टेडियमएवढं कसं करायचं हे त्याला ठाऊक होतं. अल्बमवर त्याचा हात जागोजागी दिसतो. 'विंटर विंड्स'मध्ये पितळी वाद्यं येतात आणि गाणं एकदम लग्नाच्या वरातीसारखं उजळतं. 'डस्ट बोल डान्स'मध्ये शेवटी विजेची गिटार आणि पूर्ण ड्रम धडाडून येतात. उलट 'टिमशेल'मध्ये जवळजवळ फक्त गळे आहेत. पण जिथे पायाचा ठोका गाण्याच्या मध्यभागी आहे तिथे ड्राव्सनं तो मोठा केला, बदलला नाही. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच.

शीर्षकगीताची बांधणी सांगतो. सुरुवातीला गिटार अगदी हळू, आणि चार गळे एकत्र, देवळात पहाटे कुणी काकडा म्हणावा तसे. बराच वेळ काहीच होत नाही. आपण वाट पाहायला लागतो. मग ठोका येतो, बँजो येतो, आणि शेवटच्या भागात वेग असा चढतो की पहिल्या मिनिटातलं गाणं हेच होतं यावर विश्वास बसत नाही. विलंबितातून द्रुतात जाणं आपल्या कानांना नवं नाही. पण तीन-साडेतीन मिनिटांत ते करायचं, आणि करताना श्रोत्याला फसवल्यासारखं वाटू द्यायचं नाही, याला आखणी लागते.

शब्दांबद्दल थोडं. 'साय नो मोअर' हे नाव शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकातल्या गाण्यातून घेतलेलं: आता उसासे टाकू नका. 'रोल अवे युअर स्टोन'मध्ये मॅकबेथ डोकावतो. 'टिमशेल' आणि 'डस्ट बोल डान्स' जॉन स्टाइनबेकच्या कादंबऱ्यांच्या वाचनातून आलेली. 'द केव्ह'मध्ये प्लेटोची गुहा आहे आणि चेस्टरटननं लिहिलेल्या संत फ्रान्सिसच्या चरित्राची सावली. बायबलची भाषा तर सगळीकडे: आत्मा, कृपा, पाप, जागं होणं. मला वाटतं, हे शब्द नेमक्या एका माणसाची नेमकी गोष्ट सांगत नाहीत म्हणूनच हजार लोकांना एकत्र म्हणता येतात. अभंगाच्या ओळी जशा कुणाच्याही तोंडी बसतात, तसं. त्याची किंमतही आहे, तिच्याकडे मी येतो.

सोळा महिने

अल्बमच्या आधी तीन छोट्या ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या रेकॉर्ड, आल्या होत्या. त्यांतली काही गाणी अल्बममध्ये पुन्हा आली, आणि तोवर ती लोकांसमोर वाजवून वाजवून घासली गेली होती. २००८ साली ते ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आले. २००९च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनसाठी आयलंड रेकॉर्ड्स आणि अमेरिकेसाठी ग्लासनोट या छोट्या कंपनीबरोबर करार झाला. मुखपृष्ठावर किंग्ज रोडवरच्याच एका दुकानाची दर्शनी खिडकी, आत हे चौघे. ज्या रस्त्यानं घडवलं त्याच रस्त्याचा फोटो.

५ ऑक्टोबर २००९ला ब्रिटनमध्ये प्रकाशन. पहिल्या आठवड्यात ११वा क्रमांक. चांगला, पण धडाका म्हणावा असा नव्हे. 'लिटल लायन मॅन' ब्रिटनच्या सिंगल्समध्ये, म्हणजे सुट्या गाण्यांच्या क्रमवारीत, २४च्या वर कधी गेलं नाही.

पहिला मोठा धक्का ऑस्ट्रेलियातून आला. तिथलं 'ट्रिपल जे' हे सरकारी मालकीचं युवा रेडिओ केंद्र दर वर्षी श्रोत्यांच्या मतांवर शंभर गाण्यांची यादी काढतं. २००९च्या यादीत 'लिटल लायन मॅन' पहिलं आलं. जानेवारी २०१०. फेब्रुवारीत अल्बम अमेरिकेत आला आणि त्याच महिन्यात डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात ते दिसले. त्यानंतर वर्षभर दौरे. छोटे हॉल, मग थोडे मोठे. जुलैमध्ये वर्षातल्या उत्तम ब्रिटिश अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत नाव आलं. पुरस्कार 'द एक्सएक्स' या बँडला गेला.

या काळाबद्दल लिहिताना बहुतेक लोक घाईनं ग्रॅमीवर उडी मारतात. मला वाटतं खरी गोष्ट या मधल्या वर्षात आहे. गाणं रेडिओवर एकदा ऐकलं तर ते जोरकस वाटतं, एवढंच. पण तेच गाणं चारशे माणसांच्या हॉलमध्ये, समोर पाय आपटणारा गायक आणि शेजारी अनोळखी माणूस धृपद ओरडतोय असं ऐकलं, की माणूस घरी जाऊन अल्बम विकत घेतो आणि पुढच्या वेळी दोन मित्रांना घेऊन येतो. म्हणून हा अल्बम वर चढताना घसरला नाही, सावकाश चढत गेला. आणि दौरा परवडणं हाही भाग आहे: चार माणसं, बिनविजेची वाद्यं, एक बास ड्रम. सामान कमी असलं की लहान गावातला कार्यक्रमही घेता येतो. एसटीच्या टपावर पेटारे चढवणाऱ्या कुठल्याही कलापथकाला हे गणित पाठ आहे.

१३ फेब्रुवारी २०११ला लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी. त्यांना दोन नामांकनं होती, दोन्ही पुरस्कार दुसऱ्यांना गेले. 'सर्वोत्कृष्ट नवा कलाकार' एस्पेरांझा स्पॉल्डिंगला मिळाला. पण त्या रात्री त्यांनी 'द केव्ह' वाजवलं, मागोमाग उत्तर कॅरोलिनाच्या ॲव्हेट ब्रदर्सनी आपलं गाणं वाजवलं, आणि मग दोन्ही बँड मिळून बॉब डिलनच्या साथीला उभे राहिले. दोन दिवसांनी लंडनमध्ये ब्रिट पुरस्कारांत 'साय नो मोअर'ला वर्षातला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अल्बम ठरवलं गेलं. पुढे अमेरिकेतली विक्री १० लाखांच्या पार गेली. गाडी इतके दिवस चढावर होती, आता ती उतारावर सुटली.

२.१

सगळ्यांना हे आवडलं नाही. शिकागोच्या 'पिचफोर्क' या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळानं अल्बमला १०पैकी २.१ गुण दिले. ब्रिटनमध्ये वेगळा राग होता: ही मुलं महागड्या खासगी शाळांतली, आणि जाकीट-वेस्टकोट घालून जुन्या कष्टकऱ्यांसारखी उभी राहतात.

या टीकेला मी दोन भागांत पाहतो. 'हे खरे ब्लूग्रासवाले नाहीत' हा भाग मला पटत नाही. बँजोचा इतिहासच हातातून हातात जाण्याचा आहे, आणि ज्यांच्या हातून तो आला त्या काळ्या माणसांची नावं बहुतेक पुसली गेली. अस्सलपणाचा हिशेब मांडायचाच तर तिथपासून मांडावा लागेल, आणि मग १९४५ सालचं ब्लूग्रासही सुटणार नाही. शिवाय या चौघांनी आपले गुरू लपवले नाहीत. २०११च्या एप्रिलमध्ये ते 'ओल्ड क्रो मेडिसिन शो' या अमेरिकी बँडबरोबर जुन्या रेल्वेडब्यांतून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत वाजवत गेले. ज्यांची गाणी ऐकून पोरवयात हे वेड लागलं, त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसून.

दुसरा भाग मात्र पटतो. एकच वळण पुन्हा पुन्हा येतं. हळू सुरुवात, ठोका, बँजो, सगळे गळे, मग क्षणभर शांतता आणि शेवटचा स्फोट. बारा गाण्यांपैकी निम्म्याहून अधिक गाणी या वाटेनं जातात. सलग ऐकलं तर आठव्या गाण्याला पुढे काय होणार ते कळतं. कारण तेच, ज्यानं त्यांना घडवलं. पायाखाली एकच ड्रम आहे; त्यातून हळू किंवा जोरात, थांबा किंवा चाला, एवढंच निघतं. ड्रमर असता तर ताल बदलता आला असता, गाण्याला आडवळणं घेता आली असती. बँजोही वेग वाढवायलाच जास्त वापरलाय. स्क्रग्जच्या हातात तो हसतो, टोमणे मारतो, प्रश्न विचारतो, तसा तो इथे फारसा बोलत नाही. आणि शब्द इतके मोठे, इतके सगळ्यांचे, की कधी कधी कुणाचेच राहत नाहीत. एखाद्या गाण्यात एका स्वयंपाकघराचं, एका नावाच्या माणसाचं दर्शन झालं असतं तर मला फार आवडलं असतं.

नंतर ठिकठिकाणी हीच चाल ऐकू यायला लागली. पाय आपटणं, टाळ्या, 'हे' अशी आरोळी. २०१२च्या दुसऱ्या अल्बमनं, 'बेबल'नं, २०१३ साली वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळवलं. २०१५च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्यांनी बँजो खाली ठेवला आणि ड्रम सेट आणला. आपलं ओळखीचं वाद्य सोडायला धाडस लागतं, याचं मला कौतुक आहे. पण पहिल्या अल्बममधली तातडी त्यात मला सापडली नाही.

दिल्ली, डिसेंबर २००९

या गोष्टीचं एक पान आपल्या देशातलं आहे आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. अल्बम आल्यावर दोनच महिन्यांनी, म्हणजे जगानं त्यांना ओळखण्याच्या आधी, हे चौघे लॉरा मार्लिंगबरोबर भारतात आले होते. दिल्लीत त्यांनी 'धरोहर प्रोजेक्ट' या राजस्थानी लोककलावंतांच्या गटाबरोबर चार गाणी रेकॉर्ड केली, आणि ती २०१०च्या जुलैमध्ये प्रकाशित झाली. त्यातलं 'टू डार्कनेस / कृपा' त्यांनी जरूर ऐकावं, ज्यांना वाटतं की फ्युजन म्हणजे एकानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं वाट पाहायची. दोन गाणी एकमेकांत ओवली आहेत. एक भाषा थांबते तिथे दुसरी श्वास घेते. आणि 'मेहंदी राची' ऐकताना ठोका आता एकाच्या पायात नसतो. राजस्थानी वादकांच्या हातांत तो तुटतो, उलटतो, परत येतो. 'साय नो मोअर'मध्ये जे नाही ते नेमकं इथे आहे. मला नेहमी वाटतं की त्या चार गाण्यांच्या वाटेनं ते आणखी थोडं पुढे गेले असते तर काय झालं असतं.

आमच्या तालमीत

आमच्या गटात कहोन, म्हणजे वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी, वाजवणारा मुलगा होता, तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. त्याच्या जागी दुसरा शोधायच्या आधी मी सुचवलं की आपण हे करून पाहू. एका ओळखीच्या बँडवाल्याकडून जुना बास ड्रम आणला, पेडल लावलं आणि गाणाऱ्या मुलीच्या पायाशी ठेवला. ती म्हणाली, "काका, मला एकतर गाता येईल नाहीतर पाय आपटता येईल."

पहिले पंधरा दिवस तिचं म्हणणं बरोबर होतं. शब्द लांबला की पाय अडखळायचा, पाय नीट पडला की शब्द सपाट व्हायचा. मग एका संध्याकाळी मी गिटार बाजूला ठेवली आणि तिला म्हटलं, तू फक्त चाल. गाणं म्हणत खोलीत फेऱ्या मार. ती चालत गायली. दहा-बारा फेऱ्यांनंतर तिच्या लक्षात आलं की ओळीच्या शेवटी ती दर वेळी किंचित थांबते, अर्धं पाऊल, आणि मग पुढची ओळ घेते. परत येऊन तिनं पेडलवर पाय ठेवला आणि ते अर्धं पाऊल तसंच ठेवलं.

आम्ही पाच जण त्या थांब्यासाठी तयार नव्हतो. बासवाला पुढे निघून गेला, मी अर्धी मात्रा आधी पडलो. दुसऱ्यांदा आम्ही तिच्या पायाकडे बघत वाजवलं. तिसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तुणतुणं धरलेल्या आमच्या वयस्कर दादांनी, ज्यांचं आयुष्य गोंधळाच्या मंडपात गेलं, मान न उचलता विचारलं, "हे आज कळलं होय तुम्हाला?"

आणि त्यांनी पुढचं गाणं सुरू केलं.